शाळा उत्तम आहे, पण ते गाव आमच्या घराला मानवेल का?

पाऊलवाट
आम्ही शहराबाहेरच्या एका लहान गावात राहायला जायचं म्हणतोय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. नाव आलं की चर्चा तिथल्या ओळखीपाळखीवर जाते आणि मला समजून घ्यायचंय ते वेगळं आहे. एखादं गाव आणि तिथली शाळा आपल्या घराला मानवेल की नाही, हे जाण्याआधी ओळखायचं कसं?

घरात आम्ही पाच जण. मुलगी बारा वर्षांची, अबोल, दोनच मैत्रिणी पण जिवाभावाच्या, हातात सतत चित्रांची वही. मुलगा सहा वर्षांचा, कुठेही रमणारा. नवऱ्याला आठवड्याचे पाचही दिवस शहरात ऑफिसला जावं लागतं, मला दोन दिवस. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. आता राहतो तिथे त्या वाचनालयात, डॉक्टरांकडे, मैत्रिणींकडे एकट्या चालत जातात.

गावाच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. शाळेचा निकाल आसपासच्या सगळ्या शाळांपेक्षा वरचढ, मैदान मोठं, घर ऐसपैस, रस्ते शांत. नवरा म्हणतो, मुलांसाठी एवढं करायलाच हवं. माझं मन मात्र होकार देत नाहीये आणि का ते मला नीट सांगताही येत नाहीये. तुम्ही असा निर्णय घेताना काय पाहिलंत?

चौकट
निकाल चांगला, घर मोठं, हवा मोकळी. आणखी काय पाहायचं? मुलं दोन महिन्यांत रुळतात. मोठी माणसंच विचार करत बसतात.

खडूफळा
पाऊलवाट, माझं आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं, म्हणून आधी एक विचारते. शाळा उत्तम आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? निकालाच्या यादीने, तिथल्या पालकांनी की घर दाखवणाऱ्या एजंटने? प्रत्येकाचं सांगणं वेगळ्या पद्धतीने तपासावं लागतं. आणि उत्तम कोणासाठी? कुठेही रमणारा सहा वर्षांचा मुलगा आणि अबोल बारा वर्षांची मुलगी यांना एकाच शाळेकडून एकच गोष्ट नको असते.

पाऊलवाट
खडूफळाताई, खरं सांगायचं तर यादीने आणि एजंटने. पालकांशी अजून बोललेले नाही.

दोनचार_आकडे
निकालाच्या यादीबद्दल मला लिहायलाच हवं, कारण माझं रोजचं काम आकड्यांचं आहे आणि याच यादीवर विसंबून लोक घरं घेतात.

शाळेचा निकाल हा बहुतांशी शाळेत कोणती मुलं येतात त्याचा निकाल असतो. १९६६ साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सहा लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी झाली. मुलांच्या यशातल्या फरकाचा शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त संबंध आहे, असं त्यात दिसलं. पुढे त्यावर पुष्कळ वाद झाले, पण आई-वडील शिकलेले आणि सुस्थितीतले असतील त्या वस्तीतल्या शाळेचा निकाल वर असतो, एवढं कुठेही पाहायला मिळतं. त्यात शाळेने स्वतः काय भर घातली ते सरासरीवरून कळत नाही. त्यासाठी मुलं शाळेत आली तेव्हा कुठे होती आणि बाहेर पडताना कुठे पोहोचली, हे बघावं लागतं. काही ठिकाणी असा प्रगतीचा आकडा वेगळा जाहीर होतो. होत असेल तर निकालाआधी तो वाचा.

दुसरं, लहान गावातल्या शाळेत एका इयत्तेत मुलं किती? समजा चाळीस. मग एकेक मूल अडीच टक्क्यांचं झालं. एखाद्या वर्षी तीन मुलं आजारी पडली किंवा गाव सोडून गेली, तर निकाल साडेसात टक्क्यांनी हलला आणि यादीतला क्रमांक कुठच्या कुठे गेला. म्हणून एका वर्षाचा क्रमांक सोडून द्या आणि पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडा.

तिसरं म्हणजे बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या प्रवेश परीक्षेने निवडणाऱ्या नामांकित शाळांचा अभ्यास, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. अगदी थोडक्यात प्रवेश मिळालेली मुलं आणि अगदी थोडक्यात हुकलेली मुलं यांची त्यात तुलना केली होती. दोन्हीकडची मुलं आधी जवळपास सारखीच होती. पुढच्या परीक्षांतल्या गुणांत फारसा फरक आढळला नाही. नामांकित शाळेची सरासरी उंच होती, कारण तिथे उंच सरासरीचीच मुलं गेली होती.

चौकट
मग शाळेने काहीच फरक पडत नाही म्हणायचं का? असं असेल तर कुठल्याही शाळेत घाला आणि मोकळे व्हा.

खडूफळा
पडतो, चौकट, खूप पडतो. फक्त तो यादीत दिसत नाही. एकाच शाळेच्या शेजारशेजारच्या दोन वर्गांत वर्षाअखेरीला किती अंतर पडतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून शिक्षकांबद्दल विचारा. गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? नवे आले त्यांना हाताशी धरून शिकवणारं कोणी जुनं आहे का? मुख्याध्यापक किती वर्षं आहेत? जिथे दर वर्षी निम्मे चेहरे बदलतात तिथे मूल ओळखणारं कोणी उरत नाही, मग इमारत कितीही देखणी असो.

पालकांसाठी ठेवलेल्या खास दिवशी जाऊ नका, त्या दिवशी सगळं आवरलेलं असतं. परवानगी काढून साध्या दिवशी जा. तास संपून दुसरा सुरू होतो त्या वेळात वर्गाबाहेरच्या वऱ्हांड्यात उभं राहून पाहा, शिक्षक मुलांना नावाने हाक मारतात का. वर्गात पहिल्या बाकावरची मुलं कुठल्याही शाळेत हात वर करतात, तुम्ही मधल्या बाकांवरची मुलं बघा. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या कडा झिजल्यात की कोऱ्या आहेत? मधल्या बाकावरच्या मुलाची वही मागून घ्या. नुसती बरोबरची खूण आहे की चुकीपाशी चार शब्द लिहिले आहेत? त्या चार शब्दांवरून शाळा कळते. स्वच्छतागृहंही पाहाच, विशेषतः मुलींची.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: "एखादं मूल गप्प झालं, मागे पडायला लागलं, तर ते तुमच्याकडे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येतं आणि पुढे काय होतं?" तुमच्या लेकीसाठी मला हा प्रश्न निकालापेक्षा मोठा वाटतो. चांगल्या शाळेत याचं उत्तर लगेच येतं आणि त्यात माणसाचं नाव असतं. जिथे "आमच्याकडे तशी वेळ येत नाही" असं ऐकाल, तिथे सावध व्हा.

सांजवारा
वाचतेय. आमच्याही घरी हाच विषय चालू आहे. वहीचं फार पटलं.

उंबरठा
खडूफळाताईंच्या शेवटच्या प्रश्नाला माझी पुस्ती. माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचताना-लिहिताना तो अडखळतो. घर बदलायचं ठरलं तेव्हा आम्ही आधी विशेष शिक्षकांबद्दल चौकशी केली. त्या शाळेत विशेष शिक्षक आहेत असं छापील माहितीत होतं. खोदून विचारल्यावर कळलं की ते शिक्षक चार शाळांत फिरतात आणि आपल्या मुलाच्या वाट्याला आठवड्यातला एखादा तास येतो. आम्ही दुसरीकडे गेलो.

तुमच्या मुलांना आज अशा मदतीची गरज नसेलही. तरी विचारून ठेवा, कारण सहा वर्षांच्या मुलाच्या वाचनातली अडचण बहुधा पुढच्या वर्ष-दोन वर्षांतच दिसायला लागते. तपासणी कोण करतं, त्यासाठी किती थांबावं लागतं, आधीच्या शाळेतले लेखी अहवाल जसेच्या तसे स्वीकारतात की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात? ज्या शाळेला अडखळणारी मुलं सांभाळता येतात, ती न अडखळणाऱ्यांनाही सहसा नीट सांभाळते, असं माझं ठाम मत आहे.

रोजचीगाडी
सगळे शाळेवर बोलताय. मी रस्त्यावर बोलतो, कारण माझं आयुष्य त्यावर जातं.

पाऊलवाट, गाव "शहरापासून तासाभरावर" असेल तर तो तास स्टेशन ते स्टेशन असतो. दारातून दारात मोजा. घरातून निघणं, गाडी लावायला जागा शोधणं, गाडीची वाट पाहणं, उतरल्यावर ऑफिसपर्यंत चालणं. कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी, नवऱ्याने जाऊन-येऊन पाहिलंय का? सुट्टीच्या दिवशी घर बघायला जाताना रस्ता नेहमीच मोकळा असतो.

इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये, आधीच्या अभ्यासांच्या आधारे, असं मांडलं होतं की माणसं कुठल्याही काळात रोजच्या प्रवासाला सरासरी तासभर देतात, जाऊन-येऊन मिळून. वाहन वेगवान झालं की माणूस लांब राहायला जातो, वेळ तेवढाच राहतो. आपण मात्र एका दिशेला दीड तास सहज कबूल करतो. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतली आकडेवारी तपासली तेव्हा दिसलं की लांबचा प्रवास करणारी माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात आणि मोठं घर किंवा जास्त पगार ती तूट पुरती भरून काढत नाही.

मुलांच्या बाजूनेही बघा. शाळेतून सकाळी अकराला फोन आला की मुलाला ताप आहे, तर वीस मिनिटांत कोण पोहोचणार? तुम्ही ऑफिसला असता त्या दोन दिवशी काय? नवं गाव, शेजारी अनोळखी, सासूबाई गाडी चालवत नसतील. हा प्रश्न पहिल्या महिन्यातच येतो.

पाऊलवाट
हे वाचून नवऱ्याला दाखवलं. तो या आठवड्यात कामाच्या दिवशी तिथून निघून ऑफिसला जाणार आहे. ताप आला तर कोण, याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं.

मधलीसुट्टी
मी त्या मुलीच्या जागेवर होते. चौदाव्या वर्षी आमचं घर बदललं. आई-बाबांनी सगळं माझ्या भल्यासाठी केलं होतं, शाळाही खरंच चांगली होती. पण त्या वर्गातल्या मुली पहिलीपासून एकत्र होत्या. कोणी वाईट वागलं नाही. नुसती जागा नव्हती. डबा खायला कोणाशेजारी बसायचं हा प्रश्न रोज असायचा, तो मी घरी कधी सांगितला नाही कारण घरातले सगळे खूश होते.

वय बघा, एवढंच म्हणेन. आणि तिला वर्षाच्या मध्ये हलवू नका.

दोनचार_आकडे
मधलीसुट्टी यांच्या अनुभवाला अभ्यासाचाही थोडा आधार आहे. अमेरिकेत १९९४ पासून पाच मोठ्या शहरांत एक प्रयोग झाला. अतिशय गरीब वस्त्यांतल्या काही कुटुंबांना सोडतीने, बऱ्या वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत मिळाली. राज चेट्टी, नथॅनिएल हेन्ड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २०१६ साली त्यातल्या मुलांचं पुढे काय झालं ते मांडलं. तेराव्या वर्षाच्या आत गेलेल्या मुलांची मोठेपणीची कमाई लक्षणीय वाढली. तेरानंतर गेलेल्यांना फायदा दिसला नाही, उलट थोडं नुकसानच दिसलं. घर-शाळा तुटण्याचा ताण आणि नव्या जागी मिळणारी कमी वर्षं, असं त्याचं कारण त्यांनी सुचवलं.

हे तुमच्या घराला जसंच्या तसं लावू नका. ती कुटुंबं फार हलाखीतून निघाली होती, तुम्ही तशा जागी नाही, त्यामुळे गाव बदलून मिळणारी झेपही तेवढी नसेल. तुटण्याचा ताण मात्र तुमच्या मुलीलाही लागू आहे.

अजून एक. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून दाखवून दिलंय की सारख्याच कुवतीचं मूल, आजूबाजूची मुलं फार हुशार असतील अशा शाळेत स्वतःला कमी लेखायला लागतं. अनेक देशांत हेच आढळलं. अबोल मुलीच्या बाबतीत हे मी दुर्लक्षित करणार नाही.

चौकट
चर्चा फक्त मुलीभोवती फिरतेय. मुलगा सहाचा आहे. आकड्यांवरूनच बोलायचं तर लहानपणी गेलेलं बरं, मग त्याच्यासाठी आत्ताच जायला हवं ना? विचार करण्यात तीन वर्षं गेली तर दोघांचंही वय जाईल. न जाणं हाही निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत असते. ती कोणी मोजत नाहीये.

खडूफळा
हा मुद्दा रास्त आहे, चौकट. धाकट्यासाठी मी आणखी एक सांगते: लहान इयत्तांत वर्गात मुलं किती, याला फार महत्त्व आहे. टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात मुलांना सोडतीने वर्ग वाटून दिले होते, काही १३ ते १७ मुलांचे, काही २२ ते २५ मुलांचे. लहान वर्गातली मुलं वाचन-गणितात पुढे राहिली आणि गरीब घरच्या मुलांना फायदा जास्त झाला. प्रयोग बालवर्गापासून तिसरीपर्यंतचा होता, म्हणजे तुमच्या मुलाचंच वय. तेव्हा निकालाऐवजी पहिली-दुसरीचा पट विचारा. आणि गावात नवी घरं उठत असतील तर पुढच्या दोन वर्षांत तो पट कुठे जाणार, तेही विचारा.

पैलतीर
सासूबाईंबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मी त्यांच्याच वयाची. चालत वाचनालयात जाणं, वाटेत दोन माणसांशी बोलणं, डॉक्टरांना स्वतः जाऊन भेटणं, याला आमच्या वयात स्वातंत्र्य म्हणतात. शांत रस्ता म्हणजे पुष्कळदा असा रस्ता की जिथे पदपथ नाही आणि चालत जाण्यासारखं काही नाही. मग प्रत्येक गोष्टीला मुलाला किंवा सुनेला गाडी काढायला सांगावं लागतं, आणि आम्ही सांगत नाही, घरी बसतो. त्यांना एकदा सोबत न्या. घर दाखवू नका. दारापासून चालायला लावा आणि कुठवर जाता येतं ते पाहा.

मधलीसुट्टी
पैलतीर आजी, हे बारा वर्षांच्या मुलीलाही तंतोतंत लागू आहे. पुढच्या वर्षी तिला मैत्रिणीकडे एकटीला जायचं असेल. जाता आलं नाही तर ती तुमच्या वेळेवर अवलंबून.

रोजचीगाडी
शाळेची पहिली घंटा किती वाजता आणि बस घरापाशी किती वाजता, हेही विचारा. बारा-तेराच्या वयात झोप आपोआप उशिरा लागायला लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असं सुचवलं होतं. विखुरलेल्या गावात बस सगळीकडे फिरत येते, म्हणजे पहाटे उठणं आलं.

पाऊलवाट
बरंच काही कळलंय, ते सगळं लिहिते.

नवऱ्याला दारातून दारात एका दिशेला पावणेदोन तास लागले. तो परत आल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, धाकटा झोपल्यावरच घरी पोहोचेन.

शाळेत साध्या दिवशी गेलो. मुलं नीटनेटकी, वह्या नीटनेटक्या, पण वहीत फक्त खुणा. गप्प होणाऱ्या मुलाबद्दल विचारलं तर उत्तरात त्यांनी पुन्हा निकाल सांगितला.

सासूबाई आणि मुलगी मात्र आमच्या आधी शहाण्या निघाल्या. आम्ही शाळेत असताना त्या दोघी गावात चालत फिरल्या. आम्ही पाहिलेल्या घरापासून कुठेच जाता येत नाही असं दोघींनी सांगितलं. पण स्टेशनच्या बाजूला जुना भाग आहे, तिथे वाचनालय, दवाखाना, बाग सगळं पायी अंतरावर. मुलीने वाचनालयात चित्रांच्या वर्गाची सूचना वाचली आणि मला विचारलं, "इथे राहिलो तर मी एकटी येऊ शकेन ना?" त्या भागाला दुसरी शाळा लागते, यादीत बरीच खाली असलेली. तिचा आम्ही विचारच केला नव्हता.

दोनचार_आकडे
तुमच्या भागात पत्त्यावरून शाळा ठरते असं दिसतंय. मग घर विकत घेण्याची घाई अजिबात करू नका. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांत शाळेच्या हद्दीच्या अल्याड-पल्याडची घरं तपासली होती. गुणांच्या बाबतीत वरच्या शाळेच्या हद्दीत घर असेल तर त्यासाठी लोक जास्त पैसे मोजत होते. म्हणजे यादीतल्या क्रमांकाची किंमत घरात आधीच धरलेली असते. आणि ही हद्द कायमची नसते, पट वाढला की ती पुन्हा आखतात. घर मात्र जागचं हलत नाही. भाड्याने राहा. फक्त भाडेकराराचा पत्ता प्रवेशाला चालतो का आणि तो किती आधीचा लागतो, हे लेखी विचारून घ्या.

उंबरठा
दुसऱ्या शाळेत जाऊन आलात का?

पाऊलवाट
आलो. इमारत जुनी. तोच प्रश्न विचारला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, वर्गशिक्षिका दर आठवड्याला अशा मुलांची नावं त्यांना देतात, आणि एका शिक्षिकेला बोलावून त्या हे कसं करतात ते सांगायला लावलं. त्या शिक्षिका तिथे अनेक वर्षं आहेत. पहिलीचा पट आमच्या आताच्या शाळेपेक्षा कमी आहे. प्रगतीचा आकडा पाहिला तर दोन्ही शाळा जवळपास सारख्या, जरी निकालात मोठं अंतर आहे.

एक गोष्ट विचारल्याशिवाय कळली नसती. पुढच्या वर्षीपासून मुलीची माध्यमिक शाळा सुरू होते आणि त्या शाळेत तीन वेगवेगळ्या प्राथमिक शाळांतली मुलं एकत्र येतात. वर्ग नव्याने पाडतात. म्हणजे पहिल्या दिवशी तिच्यासारखी अनोळखी चेहऱ्यांत बसलेली बरीच मुलं असतील.

मधलीसुट्टी
मग तोच मुहूर्त धरा. आणि आताच्या दोन मैत्रिणींना पहिल्या सुट्टीत राहायला बोलवायचं आधीच ठरवून टाका, तिच्यासमोर.

चौकट
पटलं. पण नवऱ्याचा प्रवास? स्टेशनजवळ राहिलात तरी सव्वा तास तरी जाईलच.

पाऊलवाट
हो, तो प्रश्न सुटलेला नाही. स्टेशनजवळून त्याने पुन्हा जाऊन पाहिलं, साधारण तेवढाच वेळ लागला. तो ऑफिसात आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागतोय. ते मिळालं तर पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला जुन्या भागात भाड्याने जाऊ, नाही मिळालं तर आत्ता आहोत तिथेच राहू. हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय आणि मुलीलाही तसंच सांगितलंय, म्हणजे ती उगाच मनाची तयारी करून बसायला नको.

ताप आला तर कोण, याला सासूबाई म्हणाल्या, जुन्या भागात शाळा पायी अंतरावर आहे, मी जाईन.

खडूफळा
शाळेला फोन करून सासूबाईंचं नाव आणायला येणाऱ्या माणसांच्या यादीत घालायला काय लागतं ते विचारून घ्या, काही शाळा आई-वडिलांशिवाय कोणाकडेही मूल सोपवत नाहीत. आणि मुलीला शाळा सुरू होण्याआधी माध्यमिक शाळेतल्या तिच्या वर्गशिक्षिकेशी एकदा भेटवा, सोबत चित्रांची वही द्या. तिला स्वतःबद्दल काही बोलावं लागणार नाही.